दुखत असताना या

८ फेब्रुवारी

ठमे,

वर आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. या खेपेला लिहीत नाही. तुला हवे असले तर आहेत असं समजून पुढे वाच.

मागच्या वर्षी तू जिन्यात उभी राहून म्हणालीस, "अण्णा, यापुढे फोन करू नका. काही झालं तर लिहा. लिहिता लिहिता निम्मी दुखणी बरी होतील तुमची." जिन्यात म्हणालीस, म्हणजे तिन्ही मजल्यांनी ऐकलं. खालच्या शिवणवाल्या वहिनींनी तर मशीन थांबवून ऐकलं. त्यानंतर मी फोन केला नाही आणि लिहिलंही नाही. पाचवीत शाळा सुटलेल्या माणसाला पत्र लिहायला लावायचं, ही शिक्षाच की. ती आज भोगतो आहे.

मला काहीही झालेलं नाही, एवढं कळवायला लिहितो. आपल्या दुकानातल्या बुटक्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. तो फोन करून काहीबाही सांगेल, त्याआधी माझ्याकडून ऐक.

औषधाच्या दुकानाचं शटर होतं. स्प्रिंग ढिली पडलेली, शटर अर्ध्यावर लोंबकळत होतं. स्प्रिंगला पीळ द्यायला वरच्या पाइपच्या भोकात सळई घालून पाइप फिरवावा लागतो. एक सळई दाबून धरायची, तोवर पुढच्या भोकात दुसरी घालायची. याला खरं म्हणजे दोन माणसं लागतात. पण कोणताही जुना शटरवाला हे एकटाच करतो, सळईवर पोट टेकवून. पोटाने दाबायचं, म्हणजे हात मोकळे. माझ्या उस्तादाने असंच केलं, मीही आयुष्यभर असंच केलं. त्या दिवशी शिडीवर पाय जरा हलला. सळई पोटाखालून निसटली, एक गिरकी घेऊन आली आणि बेंबीच्या डाव्या अंगाला बसली.

मी पडलो नाही. बुटक्या म्हणेल पडलो. मी उतरलो. जरा भराभर उतरलो.

बुटक्याच्या समाधानासाठी एक रात्र इस्पितळात काढली. पोटावरून ते थंडगार यंत्र फिरवलं, आत रक्त साचलेलं नाही म्हणाले, आणि सकाळी सोडलं. पोटावर वांग्याच्या रंगाचा डाग आहे, तोही आता पिवळा पडतो आहे. बुटक्या म्हणाला, "मिस्त्री, ठमीला कळवू या." मी म्हटलं, "कळवलंस तर तुझी-माझी भागीदारी मोडली." म्हणून तो अजून गप्प आहे. सहा फूट उंच माणूस, पण माझा शब्द मोडायची छाती नाही.

तर मी ठणठणीत आहे. येऊ नकोस. ये म्हणून लिहिलेलं नाही.

अण्णा

२३ मार्च

ठमे,

उत्तर आलं नाही. मी वाट बघत नव्हतो. पोस्टमन या गल्लीत अकराला येतो आणि त्या वेळी मी दाराशी उभा असतो, ते उजेडासाठी.

शटरची कामं चालू आहेत. शिडीवर आता बुटक्या चढतो, मी खालून शिव्या देतो. जेवण थोडं कमी केलं आहे. काही विशेष नाही. वहिनी दुपारचा डबा देतात, त्यांच्या हाताला तेल फार. पोटभर जेवलं की घटकाभराने बेंबीभोवती पीळ पडतो, म्हणून अर्ध्या पोटी उठतो. कधी उलटी होते, हिरवी. मग आपोआप थांबतं आणि दोन-चार दिवस काहीच नसतं. त्या दिवसांत मी सगळ्यांशी बरा वागतो, असं वहिनींचं म्हणणं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे गेलो होतो. तू ओळखतेस, कानात केस असलेला. पोट दाबून बघितलं, हसला आणि म्हणाला, "अण्णा, आधी मेंदू झाला, मग हृदय झालं, आता पोट. हळूहळू खाली येताय. गुडघ्यापर्यंत पोचलात की सांगा." बाकावरचे पेशंटसुद्धा हसले. एक बाई तर तोंडात थर्मामीटर असताना हसली. मला वाताचं पांढरं औषध दिलं.

हसू देत. मी घाबरट आहे, हे मला कुणी नव्याने सांगायला नको. शिंक आली तरी मला न्यूमोनिया आठवतो. तुझी आई होती तोवर ती म्हणायची, "थांबा, आधी चहा घ्या, मग मरा." चहा घेईपर्यंत बरं वाटायचं. ती गेल्यावर असं म्हणणारं कुणी उरलं नाही, एवढाच फरक झाला. पण एक सांगतो ठमे, दुखणं नसलं म्हणजे भीती खोटी ठरत नाही. मागच्या वर्षी छातीत गोळा आला तेव्हा मी खरोखर मरत होतो, डॉक्टरला वात सापडला त्याला मी काय करू? डेपोतली तुझी बढती त्या दिवशी हुकली, ती माझ्या माथी मारलीस. मी फक्त छातीत दुखतंय म्हणालो होतो. ये म्हणालो नव्हतो.

बुटक्या म्हणतो, म्हणालो होतो. त्याला काय कळतंय.

सांगायचं हे, की या वेळचं दुखणं वेगळं आहे. भीतीचं दुखणं रिकाम्या वेळी येतं. हे कामात असताना येतं. भीतीच्या दुखण्याला बोलायला कुणी मिळालं की ते पळतं. हे बोलूच देत नाही.

तरीही येऊ नकोस. कुणी हसू नये म्हणून लिहिलं.

अण्णा

११ एप्रिल

ठमे,

पॅन्टला आता दोरी बांधतो. वहिनींनी कंबर आत घेऊन देते म्हटलं. मी म्हटलं, नको, महिन्याभरात पुन्हा भरेन. त्यांनी तरी टेप काढून माप घेतलं. वहिनींनी न विचारता माप घेतलं की मला धास्ती वाटते.

मोठ्या इस्पितळात जाऊन आलो, एकदा नव्हे, तीनदा. तिथे एक डॉक्टरीण आहे, तुझ्यापेक्षा लहान, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, सगळ्यांना आजोबा-आजी म्हणते. पहिल्यांदा पोटाचा फोटो काढला, स्वच्छ. मग ते थंडगार यंत्र, स्वच्छ. मग घशातून नळी घालून जठर बघितलं. घशातून नळी जाते तेव्हा माणसाला आपला बाप आठवतो, एवढंच सांगतो. तेही स्वच्छ. तिसऱ्यांदा तिने चष्मा वर सारला आणि म्हणाली, "आजोबा, तुम्ही एकटे राहता का?" मी समजलो. हा प्रश्न मला आयुष्यात खूप डॉक्टरांनी विचारला आहे. त्याच्यापुढे नेहमी झोपेची बारीक गोळी येते. आली.

मी गोळी परत तिच्या टेबलावर ठेवली. म्हटलं, "बाई, मी घाबरट आहे, वेडा नाही. घाबरायचं कसं हे मला चांगलं ठाऊक आहे. हे ते नाही." रांगेतला माणूस मागून म्हणाला, "चला आजोबा, आमचंही पोट दुखतंय." मी त्याला म्हटलं, "तुझं दुखतंय म्हणून तू रांगेत उभा राहू शकतोस. माझं दुखलं की मला उभंच राहता येत नाही." तो म्हणाला, "मग आत्ता कसे उभे आहात?"

मी निघालो. घरी येईपर्यंत त्या माणसावरचा राग धुमसत होता.

आता एक लिहितो, ते वाचून विसरून जा. कुणाला सांगायचं नाही. वहिनींना तर मुळीच नाही. दुखणं आलं की पुढचा-मागचा विचार राहत नाही, माणूस गुरासारखा हंबरतो. एकदा दुकानातच आलं. बुटक्या बाहेर गेला होता. मी कामाच्या टेबलावर आडवा पडलो, मग पालथा, मग कसा कोण जाणे गुडघे पोटाशी घेऊन, डोकं खाली, बूड वर, तान्ही पोरं झोपतात तसा झालो. थोड्या वेळाने आत गुडगुडलं, काहीतरी सरकल्यासारखं झालं आणि दुखणं विझलं. विझलं म्हणजे फुंकर मारल्यासारखं. तेव्हापासून हाच उपाय. शटर आतून ओढून घेतो आणि टेबलावर ओणवा होतो. सत्तरी उलटलेला माणूस, ज्याने अर्ध्या बाजाराची शटरं बसवली, तो टेबलावर बूड वर करून पडलेला. कुणी बघितलं तर गाव सोडावं लागेल.

मग उठतो, तोंड धुतो, धुतलेला शर्ट घालतो आणि इस्पितळात जातो. चार माणसांत जायचं तर माणसाने जरा नीट होऊन जावं. आणि तिथे म्हणतात, स्वच्छ.

बुटक्या परवा म्हणाला, "मिस्त्री, दुकानाची चावी माझ्याकडेही एक असू द्या. कधी तुम्ही आतून बंद करून बसलात तर." मी दिली नाही. चावी मागतो म्हणजे काय?

अण्णा

२ मे

ठमे,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी. "ओणवं झालं की थांबतं, हे डॉक्टरांना सांगितलंत का? आणि दुखतं तेव्हा का नाही जात?" वर नमस्कार नाही, खाली नाव नाही. अक्षर मात्र आईचं.

आधी राग आला. एवढं सोसून लिहिलं, तर ही विचारपूस म्हणून दोन प्रश्न टाकते, डेपोत ड्रायव्हरला विचारावेत तसे. दोन दिवस कार्ड पालथं घालून ठेवलं. मग वहिनींनी ते उलटून वाचलं. कार्ड म्हणजे उघडंच, त्यांना काय बोलणार. वाचून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "अण्णा, ओणवं म्हणजे?"

सांगावं लागलं. मला वाटलं होतं हसतील. त्या नाही हसल्या. म्हणाल्या, "म्हणजे दुखतं तेव्हा घरात, आणि थांबलं की डॉक्टरकडे? अहो, माझ्याकडे बायका ब्लाउज बिघडला म्हणून येतात आणि ब्लाउज घरी ठेवून येतात, तशी गत झाली. मी काय बघू, त्यांचं तोंड?"

गेलो मग. डॉक्टरीण मला बघून जरा खचली, मी बघितलं. बसलो आणि भिंतीकडे तोंड करून सगळं सांगितलं. टेबल, गुडघे, बूड, सगळं. ती लिहीत होती, ती थांबली.

"आजोबा, पोटाला कधी मार लागला होता?"

"मार नाही. सळई लागली होती."

"कधी?"

"फेब्रुवारीत. तो डाग केव्हाच गेला."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलं, ऑपरेशन झालंय का. ते झालेलं नाही. सळई लागली का असं कुणी विचारलं नाही."

तिने चष्मा काढून ठेवला. मग कागदावर काढून दाखवलं. आतडी पोटात मोकळी पडलेली नसतात. एका पातळ पडद्याला धरून लोंबतात, त्याच पडद्यातून त्यांना रक्त जातं. बाहेरून जोराचा फटका बसला की कातडी शाबूत राहते, पण आत हा पडदा कधी कधी फाटतो. रक्त फार गेलं नाही तर कुणाला कळतही नाही. भोक तसंच राहतं. मग एखाद्या दिवशी, पोट भरलेलं असताना, आतड्याचा एखादा वेढा त्या भोकात शिरतो आणि अडकतो. म्हणजे हर्नियाच, ती म्हणाली. मी म्हटलं, हर्निया मी बघितला आहे, आमच्या उस्तादाला होता, जांघेत लिंबाएवढी गाठ. ती म्हणाली, तो बाहेर येतो म्हणून दिसतो. हा आतल्या आत.

"असं असेल, हा माझा अंदाज आहे. वेढा सुटला की फोटोत काही सापडणं कठीण. तुम्ही ओणवे होता, तो सुटतो आणि मग तुम्ही माझ्याकडे येता."

"शर्ट बदलून," मी म्हटलं.

"शर्ट बदलू नका. दुखत असताना या. ओणवे होऊ नका, आडवे होऊ नका, उलटी झाली तर होऊ द्या, तसेच निघा. आणि आजोबा, ही गंमत नाही. एखाद्या वेळी तो वेढा सुटणारच नाही. रक्त तुटलं की आतडं काही तासांत मरतं. मग माणूसही."

दाखल करून घेते म्हणाली. मी नाही म्हटलं. दुखायची वाट बघत तिथल्या खाटेवर पडून राहिलो तर शेजारच्या सगळ्यांचे रोग मला होतील.

तेव्हापासून सारखी भीती वाटते आहे. अर्ध्या पोटी राहिलो तर दुखणं चुकवता येईल, असं किती दिवस? दोरी आता दोन वेढे घेते. म्हणून ठरवलं आहे. आयुष्यभर दुखणं माझ्यामागे आलं. आता मी त्याला बोलावणार. उद्या दुपारी मी पोटभर जेवणार आहे. डॉक्टरणीने सांगितलेलं नाही, हे डोकं माझं. बुटक्याला टेम्पो दाराशी लावायला सांगितलं आहे. का, ते सांगितलेलं नाही.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. त्यामुळे धावत येण्याचा प्रश्नच नाही. मुद्दामच पोस्टाने पाठवतो.

अण्णा

१२ मे, इस्पितळ

ठमे,

जिवंत आहे. हे आधी लिहितो, कारण तू पत्राचा शेवट आधी वाचतेस.

त्या दुपारी वहिनींना म्हटलं, डबा नको, ताट वाढा. त्यांनी वाढलं. मी पुन्हा मागितलं. त्या म्हणाल्या, "अण्णा, आज काय आहे?" मी म्हटलं, "भूक आहे." इतक्या दिवसांनी पोटभर जेवलो, रागाने जेवलो. प्रत्येक घासाला मनात म्हणत होतो, ये, बघू तुझी हिंमत.

खाली दुकानात स्टुलावर बसून राहिलो. बराच वेळ काहीच नाही. मला तर शरम वाटायला लागली, की खरंच काही नसेल तर? ठमीला काय लिहू? आणि मग आलं. या वेळी असं आलं की स्टूल पडलं आणि मी टेबलाची कड धरून उभा राहिलो. ते टेबल समोर होतं. मला फक्त वर चढायचं होतं. ठमे, दारुड्याने बाटलीकडे बघावं तसा मी त्या टेबलाकडे बघत होतो. बुटक्या धावत आला, पहिल्यांदा मला उचलून टेबलावरच ठेवायला लागला. मी ओरडलो, "झोपवू नकोस! मला झोपवलंस तर मी मेलो!"

"मिस्त्री, अहो, तुम्हाला उभं राहता येत नाही!"

"मग तू उभा कर!"

त्याने केला. काखेत हात घालून, सहा फुटांच्या खांबाला बांधल्यासारखा. वहिनी मशीनवरून उठून आल्या, तोंडात टाचण्या तशाच. टेम्पोच्या मागच्या बाजूला दोघांनी मला मध्ये धरून बसवलं, टेम्पो पलीकडच्या वेल्डरने चालवला. प्रत्येक खड्ड्याला मी ओरडत होतो आणि वहिनी वेल्डरला ओरडत होत्या. मी वाकायला लागलो की वहिनी म्हणायच्या, "ताठ! ताठ बसा! एवढं जेवण मी फुकट वाढलं का?" मग वहिनींवरच उलटी झाली. त्या म्हणाल्या, "चालू दे."

डॉक्टरीण होती, देवाची कृपा. माझा शर्ट बघून तिला कळलं. सुई भरून आणली. मी हात मागे घेतला.

"आजोबा, दुखणं कमी होईल याने."

"आधी फोटो."

"सुईने अडकलेलं सुटत नाही. फोटोत येणार ते येणारच. दुखणं तेवढं थांबेल."

ती खरं सांगत होती, आता मला कळतं. पण तेव्हा मी म्हटलं, "बाई, इतके दिवस सगळे मला खोटा म्हणत आले. हे दुखणं माझा एकुलता एक साक्षीदार आहे. त्याची जबानी होईपर्यंत त्याला झोपवू नका."

तिने सुई ट्रेमध्ये ठेवली. मग म्हणाली, "चला." आणि माझी ढकलखुर्ची स्वतः लोटत नेली. हातातल्या शिरेतून औषध सोडून ते गोल यंत्रातलं चित्र काढलं. यंत्रात मला आडवं केलं तेव्हा मी सारखा देवाला सांगत होतो, आत्ता सुटू नकोस, आत्ता सुटू नकोस. बरं व्हायचं नाही म्हणून देवाला विनवणारा मी पहिलाच असेन.

सुटलं नाही. चित्रात आतड्यांचा पुंजका एका बाजूला गोळा झालेला आणि रक्तवाहिन्यांना पीळ बसलेला. डॉक्टरीण काचेपलीकडून आली आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "आजोबा, आहे. तुमचं खरं आहे." मग म्हटलं, आता द्या सुई. हवी तेवढी द्या.

सांगायला लाज वाटते, तेव्हा रडलो. सुई चांगली जाड होती.

तासाभरात पोट उघडलं. पडद्याला तीन बोटं जातील एवढं भोक होतं. आतड्याचा एक वेढा त्यातून पलीकडे गेलेला, निळा-काळा पडलेला. बाहेर काढून गरम कापडांत ठेवला, तेव्हा बराचसा पुन्हा गुलाबी झाला. वीतभर झाला नाही, तेवढा कापून दोन टोकं जोडली आणि भोक शिवून टाकलं. मोठे सर्जन कमी बोलतात. ते एवढंच म्हणाले की संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर जोडायला काही उरलं नसतं. वहिनींना हे सगळं समजावून सांगितलं तर म्हणाल्या, "म्हणजे कोटाचं अस्तर फाटलं आणि हात बाहीत न जाता अस्तरात घुसला. एवढंच ना? मग अस्तर शिवायला इतके दिवस?" डॉक्टरीण त्यांच्याकडे बघून इतकी हसली, की मला टाके असताना हसावं लागलं. टाके असताना हसू नये.

आणि डॉक्टरीण मला ओरडली. मुद्दाम पोटभर जेवलो हे कळल्यावर. "मरायचं होतं का तुम्हाला?" मी म्हटलं, "नाही बाई. मरायची भीती वाटते म्हणून तर जेवलो."

तुझा फोन आला होता वॉर्डात, तीनदा. मी नर्सला सांगितलं, फोन घेणार नाही. मुलीला म्हणावं, लिही. लिहिता लिहिता निम्मी काळजी कमी होईल. नर्स म्हणाली, "आजोबा, ती रडते आहे." मी म्हटलं, "रडू दे, शाई पसरत नाही फोनवर." मग पाठ फिरवून पडलो. झोप लागली नाही. पण फोन घेतला नाही.

अण्णा

२६ मे

ठमे,

घरी आलो. दोरी अजून आहे, पण एकाच वेढ्याची. वहिनी रोज मऊ करून वाढतात आणि मी पूर्ण ताट संपवतो. संपवल्यावर घटकाभर स्टुलावर बसून वाट बघतो. काही येत नाही. ते न येणं ऐकायची अजून सवय झालेली नाही. सळईवर पोट टेकवायचं नाही, असा दुकानाचा नवा नियम आहे. सळई धरायला दुसरा माणूस हवाच. बुटक्या म्हणतो, मग एक माणूस ठेवू. मी म्हटलं, तो दुसरा माणूस मी. शिडीवर तू.

तुझं पत्र मिळालं. चांगली चार पानं. तुझ्या हाताला एवढं लिहिता येतं हे मला ठाऊक नव्हतं. त्यात तीनदा माफ करा लिहिलं आहेस. ते मी वाचलं आणि पुढे गेलो. तू माझ्यावर विश्वास ठेवला नाहीस, पण दोन ओळीत विचारायचं ते विचारलंस. विश्वास ठेवणाऱ्यांपैकी कुणी विचारलं नव्हतं. तेवढं पुरे. पुन्हा लिहू नकोस ते.

शेवटी लिहिलं आहेस, "शनिवारी निघते, रजा टाकली आहे, आता नाही म्हणू नका." म्हणतो. येऊ नकोस.

ऐकून घे. तुझं लग्न मोडलं तेव्हा तू आलीस, मी रक्तदाब वाढला म्हणून खाटेवर होतो. आई गेल्यावर आलीस, मी मेंदूचं घेऊन बसलो होतो. मागच्या वर्षी छाती. दरवेळी तू पिशवी घेऊन धापा टाकत जिना चढलीस, दरवेळी मी उशीला टेकून होतो. तू उशाशी बसून मला औषध पाजायचीस आणि जायचीस. किती वर्षांत तू आणि मी ताठ बसून समोरासमोर जेवलो नाही? मला आठवत नाही. तू येतेस ती आजारी माणसाकडे येतेस. तो माणूस मला आता कंटाळवाणा वाटतो. तुलाही वाटत असेल, फक्त तू भिडेखातर बोलत नाहीस.

आत्ता आलीस तर पुन्हा तेच. माझे टाके ताजे आहेत, मी चालताना पोट धरतो, तू मला जिन्यात हात देशील, आणि मला ते आवडेल. हीच भीती आहे. मला ते फार आवडेल.

म्हणून डॉक्टरणीला विचारलं, शिडीखाली उभा राहून शिव्या द्यायला मी केव्हा मोकळा? ती म्हणाली, जुलैच्या सुरुवातीला. तेव्हा ये. चार दिवस ये. वहिनी तुझ्यासाठी काय शिवायचं ते ठरवून बसल्या आहेत, माप नसताना. बुटक्या तुला दाखवणार आहे मी टेम्पोत कसा ओरडत होतो. त्याची नक्कल तो गल्लीभर करतो. मी स्टेशनवर येईन आणि पिशवी मी घेईन. हलकी भर.

आत्ताची रजा रद्द कर. जुलैत नव्याने टाक. साहेब कारण विचारेल. इतकी वर्षं तू एकच कारण देत आलीस, त्याला पाठ झालं असेल. या वेळी ते देऊ नकोस. वडील बरे आहेत, म्हणून जायचं आहे, असं सांग.

अण्णा